धोंड्यांवरची गोणपाटं

जूनच्या दोन तारखेला बर्फ पडलं. डर्बीशरात क्रिकेटचा सामना थांबवला म्हणे.

*

मटारांच्या पिशव्या, माशाचे तुकडे, व्हॅनिला आइस्क्रीम आणि मधोमध एक दगड.

*

माझा भाऊ पलंगावर उशीला टेकून बसलाय. डाव्या हातात उघडी छत्री, उजव्या हातात वर्तमानपत्र. पान उलटायचं झालं की मला हाक मारतो.

*

चर्चच्या मनोऱ्याची किल्ली वीतभर लांब आहे. ती चर्चमध्ये नसते. ऑसगुड पेलच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यामागच्या खिळ्याला असते.

*

जानेवारीच्या एकवीस तारखेपर्यंत ऑसगुडच्या तोंडात अकरा दात होते.

*

खाणीतून नुकत्याच काढलेल्या दगडावर हात ठेवला तर तो दौडून आलेल्या घोड्यासारखा लागतो. ओला, आणि आतून जिवंत.

*

आढं

ॲशलो हे आमचं घर. दारावरच्या दगडात १६४७ कोरलंय, पण सातचा माथा झिजून त्याचा एक झालाय, त्यामुळे परक्या माणसाला घर सहा वर्षांनी म्हातारं वाटतं. वेकर्बी गावाच्या टोकाला, उताराकडे पाठ करून ते बसलंय. भिंती अडीच फूट जाड. बाहेरून एक दगडी कातडं, आतून एक, आणि दोघांमध्ये दगडांची खांडकं नि चुना. छपरावरची कौलंही दगडाचीच. वळचणीला हातभराहून मोठी, वर सरकत जावं तशी लहान लहान, आढ्याशी तळहाताएवढी. त्यामुळे अंगणातून बघितलं की घर आहे त्याहून उंच वाटतं. लोक या सौंदर्याबद्दल बरंच बोलतात. ज्याने पहिल्यांदा असं रचलं त्याला मोठे दगड वरपर्यंत वाहून न्यायचा कंटाळा आला असणार.

ही कौलं खुंट्यांवर टांगलेली असतात आणि खुंट्या आडव्या लाकडी रिपांवर. रीप कुजली की खुंटी जाते, खुंटी गेली की कौल. १९७४च्या उन्हाळ्यात छपराच्या उत्तरेकडच्या पाख्यावरून कौलं घसरायला लागली. सटकन आवाज, मग क्षणभर काही नाही, मग खाली फरसबंदीवर फुटल्याचा आवाज. लँबर्ट मोजायचा.

"तेरा," तो सकाळी चहा घेताना म्हणायचा. "अर्सुला, आज घर तेरांनी हलकं झालं."

लँबर्ट माझा भाऊ. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा, मी सदुसष्ट. त्याचे पाय दोन वर्षांपूर्वी गेले. उत्तरेकडच्या वरच्या खोलीत तो जन्मला आणि त्याला मरायचंही त्याच खोलीत होतं. त्याबद्दल तो कधी गहिवरून बोलला नाही. नाटकाची खुर्ची राखून ठेवावी तसं बोलायचा.

मी एकदा त्याला स्टॅमफर्डच्या एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक दाखवलं. रंगीत फोटो होते, कारंजं होतं.

"छान आहे," तो म्हणाला. "तू जाऊन ये. पण माझी खोली कुणाला देऊ नकोस."

"कुणाला देणार? वटवाघळांना?"

"त्यांना माळा आहे की."

वासे

कौलं करणारा आमच्या बाजूला ऑसगुडच उरला होता. एकाहत्तर वर्षांचा, अंगाने आखूड. कमरेला एक खाचांची काठी. त्या काठीवर कौलाचं प्रत्येक माप खोदलेलं. ती त्याच्या आजाची. घराभोवती तो तीनदा फिरला, शिडी लावून वर गेला, खाली आला आणि टोपी काढली. टोपी काढली तेव्हाच मला कळलं.

"मिस अर्सुला, अख्खं पाखं उतरवावं लागणार."

"अख्खं?"

"निम्मी कौलं परत चढतील. दोन हजार नवी लागतील."

"दोन हजार! कुठून आणायची?"

"तुम्ही उभ्या आहात तिथून. चाळीस फूट खालून."

मला माहीत होतंच. गावात जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. आमच्याकडचं कौल छिन्नीने निघत नाही. खाणीतून धोंडे काढायचे, कुरणात उघड्यावर मांडायचे, रोज पाणी घालायचं. दगडाच्या थराथरांत पाणी भरलेलं असतं. जानेवारीत कडाका पडला की ते पाणी गोठतं, फुगतं आणि थर सुटतात. मग हलक्या हातोडीने ठोकलं की वहीची पानं उलगडावीत तसा धोंडा उलगडतो. एक खरी कडक रात्र मिळाली तरी अर्धं काम होतं. फक्त त्याआधी धोंडा वाळता कामा नये. एकदा वाळला की तो मेला. मग त्याला उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवा, तो उघडत नाही.

"ऑक्टोबरात पाखं उतरवू," ऑसगुड म्हणाला. "नाताळापर्यंत धोंडे वर. जानेवारीत कडाका. मार्चअखेर कौलं चढली. माझ्या बापाने असंच केलं, त्याच्या बापाने असंच केलं."

"आणि कडाका नाही पडला तर?"

त्याने माझ्याकडे बघितलं. उद्या रविवार आलाच नाही तर, असं मी विचारल्यासारखं.

"जानेवारीत?" तो म्हणाला.

त्याने पाखं उतरवलं. अकरा दिवस लागले. जुनी कौलं मापाप्रमाणे भिंतीशी उभी करून ठेवली. मग वासे दिसले; ओकचे, काळे, कुऱ्हाडीने तासलेले, प्रत्येकावर सुताराने रोमन आकडे कोरलेले, एक ते सव्वीस. तीनशे वर्षं त्यांनी ऊन बघितलं नव्हतं. त्या दुपारी त्यांच्यावर ऊन पडलं आणि ते करकरले. खोलीतून लँबर्ट ओरडला, "काय म्हणतायत?"

"काही नाही," ऑसगुड वरून म्हणाला. "वजन उतरलं म्हणून आळस देतायत, मिस्टर लँबर्ट."

माळा

ताडपत्री.

ताडपत्रीबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ती वाऱ्यात बोलते.

कौन्सिलचा माणूस नोव्हेंबरात आला. मिस्टर थ्रॉसल, तरुण, नम्र, बुटांना चिखल लागू नये म्हणून फरसबंदीच्या कडेकडेने चालणारा. आमचं घर जतन करायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं. त्याच्या दगडाला हात लावायचा तर परवानगी लागते.

"तात्पुरते पत्रे टाकू का?" मी विचारलं.

"पत्रे चालणार नाहीत, मिस टॅन्सली. घर यादीत आहे."

"मग सिमेंटची कौलं? लांबून तशीच दिसतात."

"तीही नाहीत. मूळ दगडच हवा."

"तो जानेवारीत मिळेल."

"उत्तम," तो म्हणाला आणि लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबवली. "पण छप्पर जास्त दिवस उघडं ठेवता येणार नाही. कौलांचं ओझं असतं ना, तेच भिंतींना जागेवर दाबून धरतं. ओझं नाही आणि वरून पाणी, म्हणजे मधली खांडकं फुगतात. एकतीस मार्चपर्यंत छप्पर झालं नाही तर वरचा मजला धोकादायक ठरवावा लागेल."

"ठरवल्यावर काय होतं?"

"उतरवावा लागतो."

"म्हणजे यादीतलं घर पत्र्याने झाकायचं नाही, पण पाडायचं?"

तो लाजला. खरंच लाजला, कानांपर्यंत. "नियम मी केलेले नाहीत हो," तो म्हणाला. त्याला मी फ्रूटकेकचा तुकडा दिला. दुसरं काय देणार?

ताडपत्रीच्या शिवणीतून पाणी यायचं म्हणून माळ्यावर जुना बाथटब ठेवला. दर दोन दिवसांनी मी बादलीने तो उपसायची. एका सकाळी त्यात चिमणी बुडून मेलेली होती. मी लँबर्टला सांगितलं नाही. त्याला आवाजावरून कळलं होतं.

कुरण

नाताळापर्यंत शहाऐंशी धोंडे वर आले. परसामागच्या कुरणात ऑसगुडने ते आठवड्याच्या धुण्यासारखे रांगेने मांडले, थर उभे राहतील असे, म्हणजे पाणी आत शिरेल. गावातल्या बायका-पुरुषांनी पाळ्या लावून घेतल्या. सकाळी शाळेची शिक्षिका, दुपारी मी, संध्याकाळी पबमधून घरी जाणारे. प्रत्येकाने एक झारी. पबमधल्यांचा नेम चुकायचा, पण पाणी पोचायचं.

आणि घंटा होती.

ही जुनी रीत. कडाका येतोय असं दिसलं की मनोऱ्याची घंटा वाजवायची. ती एकच, मोठी, एका सुरात, प्रार्थनेसारखी नाही, आग लागल्यासारखी. लँबर्टच्या लहानपणी गावात तीस आवारांत दगड असायचे. वारा सुकवणारा असला की लोक धोंडे ओल्या गोणपाटांनी झाकायचे. घंटा वाजली की सगळे जेवण टाकून धावायचे, गोणपाटं ओढून काढायचे, शेवटचं पाणी मारायचे. झाकलेल्या धोंड्याला कडाका लागत नाही. गोणपाट हे दगडाचं पांघरूणच.

"मी सात वर्षांचा असताना अनवाणी धावलो होतो," लँबर्ट सांगायचा. "आई मागून बूट घेऊन. सगळं गाव एकदम दारातून बाहेर. असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही."

घंटा वाजवायची की नाही हे पेलांच्या घरातला माणूस ठरवायचा; आता ऑसगुड. तो परसात थुंकायचा म्हणे आणि थुंकी बघायचा. घंटेशिवाय कुणी गोणपाटाला हात लावायचा नाही. उगाच उघडलं नि वारा लागला तर सगळ्यांचा दगड वाळायचा, म्हणून नियम कडक होता. ज्याला थंडी वाजते त्याने शेकोटीपाशी बसावं, असं आमची आई म्हणायची. दगडाला थंडी वाजते की नाही ते पेल सांगेल.

डिसेंबर गेला. कडाका नाही. नाताळच्या दिवशी दाराशी गुलाबाला फूल होतं. लोक येऊन बघून गेले, कौतुकाने. मी ते फूल तोडून टाकलं.

जानेवारीची सात तारीख. मधमाशा.

पबवाली मेव्हिस मनाने मोठी. तिने नवा फ्रीजर घेतला होता. ती म्हणाली, "ऑसगुड, एक धोंडा आण रे. बघू तरी."

"दगड काय मासा आहे?"

"अरे, थंडी ती थंडी. तिला काय माहीत ती कुठून आली?"

सगळ्यात लहान धोंडा मटारांच्या मधोमध ठेवला. झाकण नीट लागेना म्हणून वर पिंप ठेवलं. नऊ दिवसांनी बाहेर काढला, वितळवला, ऑसगुडने हातोडी मारली. उघडला! तीन कौलं निघाली, सुंदर, पातळ, एकसारखी. अख्ख्या पबने टाळ्या वाजवल्या. मेव्हिसचं आइस्क्रीम तेवढं पातळ झालं.

"आता फक्त एक हजार नऊशे सत्त्याण्णव," ऑसगुड म्हणाला. लोक हसले. तोही हसला. मग त्याने ती तिन्ही कौलं कोटाच्या आत, छातीशी धरून घरी नेली.

वरची खोली

हिचं छत चुन्याच्या गिलाव्याचं. त्यात द्राक्षाच्या वेली उठावात काढलेल्या, चारही कोपऱ्यांत एकेक पक्षी. पूर्वेच्या खिडकीला दगडाचे तीन उभे दांडे. सकाळी त्या तीन दांड्यांच्या सावल्या लँबर्टच्या पांघरुणावर पडायच्या आणि दुपारपर्यंत पायांवरून छातीवर सरकायच्या. घड्याळ त्याने कधी मागितलं नाही.

तेरा जानेवारीला ईशान्येकडचा पक्षी पडला.

चौदाला वेल.

"छत्री आण," लँबर्ट म्हणाला.

"खाली चल ना. स्वयंपाकघर कोरडं आहे. चूल आहे."

"खाली गेलो की मला वर कोण आणणार आहे?"

"छप्पर झालं की आणू."

"अर्सुला, एकदा खाली उतरलेला माणूस खालचाच होतो. छत्री आण."

मी वडिलांची मोठी काळी छत्री आणली.

बावीस जानेवारी

एकवीसला ऑसगुड स्टॅमफर्डला गेला आणि राहिलेले अकराही दात काढून आला. आमच्याकडे म्हातारपणी हे करतात. एकदाच त्रास, मग कवळी. जाण्यापूर्वी कुरणात येऊन सांगून गेला, "वारा पूर्वेचा झाला तर झाका. नाहीतर उघडं राहू द्या."

बावीसला दुपारी वारा पूर्वेचा झाला. कोरडा, पातळ, सुरीसारखा. धोंड्यांच्या कडा माझ्या डोळ्यांसमोर फिक्या पडायला लागल्या. मी आणि शिक्षिकेने पंप मारून सगळी गोणपाटं भिजवली आणि पंच्याऐंशी धोंडे झाकले, एकेक, कोपरे दाबून. तीन वाजले. हात लाल झाले होते. मला बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांत मी कशाला तरी उपयोगी पडले होते.

पाच वाजता वारा पडला. एकदम. खोलीतला माणूस उठून जावा तसा.

सहा वाजता मी कोळसा आणायला परसात गेले. आभाळ स्वच्छ होतं. बादलीची कडी माझ्या बोटांना चिकटली, आणि सोडवली तेव्हा कातडीचा पापुद्रा गेला. मी मनोऱ्याकडे बघितलं. तो नेहमीसारखा उभा होता. मी कान दिला. दूर कुणाचं तरी कुत्रं, बस.

मी आत आले.

"थंडी आहे का गं?" लँबर्टने विचारलं.

"घंटा नाही झाली."

त्याने थोडा विचार केला. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि ती आम्हा दोघांनाही दिसत होती.

"मग नसेल," तो म्हणाला.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आम्ही झोपलो.

सकाळ

लँबर्टची कवळी पेल्यात होती. पेला उलटा केला तरी ती पडेना. पाणी, दात, सगळं एक झालं होतं. त्याने तो पेला खिडकीसमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

मी कुरणात धावले. सदुसष्टाव्या वर्षी, घरातल्या चपलांवर. गवत पायाखाली काचेसारखं मोडत होतं. तळं पांढरं. कुंपण पांढरं. पंच्याऐंशी गोणपाटं पांढरी, फळ्यांसारखी कडक. पहिलं ओढलं तर ते दाराच्या पायपुसण्यासारखं ताठ उभं राहिलं. खाली धोंडा काळा, ओला, मऊ. हात ठेवला. कोमट म्हणता येणार नाही, पण मी कोमट म्हणेन.

ऑसगुड फाटकातून आला. जबड्याभोवती पांढरा रुमाल, गाठ डोक्यावर. तोंड सुजलेलं. दंतवैद्याने दिलेल्या गोळ्या घेऊन तो दुपारी चारलाच झोपला होता, आणि बायको नसल्यामुळे उठवायला कुणी नव्हतं. त्याच्या हातात मनोऱ्याची किल्ली होती. ती का आणली होती कोण जाणे. तो पहिल्या धोंड्यापाशी गुडघ्यावर बसला आणि हातोडी मारली.

खण.

सुटलेला धोंडा ठस्स वाजतो, फुटक्या माठासारखा. हा खण वाजला. दुसरा खण. तिसरा खण. तो रांगेने गेला. मी मागोमाग, प्रत्येकाचं पांघरूण काढत. पंच्याऐंशी वेळा खण. शेवटचा झाल्यावर त्याने तोंड उघडलं.

"मी भाजवली नाही," तो म्हणाला. त्याला वाजवली म्हणायचं होतं. हिरड्यांवर शब्द टिकत नव्हते.

"मी काढली नाहीत."

"तुम्ही झाकलीत ते बलोबल होतं."

"मला थंडी वाजत होती, ऑसगुड. कळत होतं मला."

त्याने झारी उचलली. मग आम्ही दोघांनी पंच्याऐंशीही धोंड्यांना पुन्हा पाणी घातलं. ऊन वर येत होतं. साडेदहाला कुंपणावरून थेंब पडायला लागले.

जिना

जिना दगडाचा, गोल, मधल्या खांबाभोवती वळत जाणारा. त्यातून पलंग जात नाही. खुर्ची जात नाही. शवपेटीही जात नाही. आमच्या घराण्यातली माणसं त्यासाठी खिडकीतून उतरवलेली आहेत.

फेब्रुवारीत कडाका नाही. आम्ही आता काहीच झाकत नव्हतो. वारा आला तरी नाही. शिक्षिका आणि ऑसगुड आळीपाळीने दर दोन तासांनी पाणी घालत. ऑसगुड रोज रात्री मनोऱ्याच्या पायरीवर बसायचा, किल्ली मांडीवर. नवी कवळी आली होती, पण ती बसेना. ती तो खिशात ठेवायचा. रेडिओवर सांगायचे, किती सुखद हिवाळा. दुकानात लोक म्हणायचे, देवाची कृपा, यंदा कोळसा वाचला. मग मला बघून गप्प व्हायचे.

चोवीस फेब्रुवारीला लँबर्टच्या पलंगाच्या वर छताचा मोठा तुकडा लोंबायला लागला. चार माणसं आली. मेव्हिसच्या पबचं मागचं दार बिजागऱ्यांतून काढून आणलं, त्यावर त्याला बांधलं आणि खिडकीतून दोरांनी उतरवलं. मधला दगडी दांडा त्यासाठी काढावा लागला. परवानगी घेतली नाही.

खाली येताना तो आडवा, आभाळाकडे तोंड करून. घराची अख्खी भिंत त्याच्या नाकासमोरून वर गेली.

"इथे फुगलीय," तो मध्येच लटकत म्हणाला. "अर्सुला, ही भिंत पोटुशी दिसते."

"बोलू नका, मिस्टर लँबर्ट, दोर हलतो," ऑसगुड खालून ओरडला.

"तू काय मला शेवटचं उतरवतोयस का रे?"

"छे. तालीम आहे."

माणसं हसली. दार जमिनीला टेकलं तेव्हा लँबर्टने डोळे मिटून घेतले होते. स्वयंपाकघरात चुलीपाशी त्याची खाट लावली. त्या खोलीला खिडकी पश्चिमेला. सकाळी सावल्या पडत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो वेळ विचारायला लागला.

भिंत

थ्रॉसल एक एप्रिलला आला. त्याने ओळंबा लावला. दोरी भिंतीपासून साडेपाच इंच दूर लोंबत राहिली. तो दोरीकडे बघत बसला, जणू ती जवळ येईल.

"एक महिना वाढवून मागतो," तो म्हणाला.

"महिन्यात काय होणार?" ऑसगुडने विचारलं. "मे लागेल. मेमध्ये कडाका आणून देणार आहात?"

"मी विचारून बघतो."

"विचारा," मी म्हणाले. "कौन्सिलला विचारा, थंडी आहे का शिल्लक."

त्याने महिना मिळवला. चांगला मुलगा. त्या महिन्यात पूर्वेचा वारा सतरा दिवस वाहिला. झारीने पाणी घालायला येणारे कमी झाले. शेतं होती, मेंढ्या व्यायल्या होत्या, कुणाला दोष देणार? गोणपाटं घातली असती तर धोंडे वाळले नसते. पण ऑसगुडही गोणपाट म्हणाला नाही आणि मीही नाही. ती गोठ्यात घडी करून ठेवली होती. तो शब्दच आमच्यात उरला नव्हता.

धोंडे एकेक करून फिके पडले. कडेपासून आत. ऑसगुड रोज ठोकून बघायचा आणि मेलेल्यावर खडूने फुली मारायचा. वीस एप्रिलला सगळ्यांवर फुल्या होत्या.

मेमध्ये वरचा मजला उतरवला. नीट, एकेक दगड, आकडे घालून. दोन्ही पाखी, वासे एक ते सव्वीस, उत्तरेची भिंत, दक्षिणेची भिंत, खिडकी. खालच्या मजल्यावर सिमेंटचं सपाट छत टाकलं. तेव्हा मी थ्रॉसलला विचारलं, हे यादीत बसतं का. तो म्हणाला की घर आता यादीत नाही.

खिडकीचे उरलेले दोन दांडे गवतावर पडून आहेत. त्यांच्यावर खडूने लिहिलंय: वरची, उ., १ आणि ३.

फरसबंदी

संध्याकाळी हवा बरी असली तर लँबर्टला मी खुर्चीवर बाहेर आणते. फरसबंदीवर, उत्तरेच्या बाजूला. तो मान वर करून बघतो. तिथे आता काही नाही. कधी पाकोळ्या असतात.

"तो बघ, पलंग साधारण तिथे होता," तो म्हणतो. "त्या ढगाच्या डावीकडे."

"मान दुखेल."

"दुखू दे. अर्सुला, मी आता कुठे मरायचं गं?"

तो हे साधंच विचारतो, चहात साखर घातली का विचारावं तसं. मी म्हणते, "बघू." ऑसगुड बऱ्याचदा फाटकाशी उभा असतो, आत येत नाही. मेलेल्या धोंड्यांचं त्याने कुरणाला कुंपण रचून दिलं. पैसे घेतले नाहीत. फार सरळ रचलंय.

त्या जूनच्या दोन तारखेला, बर्फ पडलं तेव्हा, आम्ही तिघं दारातच होतो. जेमतेम तासभर पडलं. कुंपणावर पांढरी रेघ उमटली. ऑसगुड टोपी न घालता तसाच गेला आणि एका दगडावर बोटाच्या पेराने ठोकलं. मग परत आला.

"काय म्हणतो?" लँबर्टने विचारलं.

"काही नाही," ऑसगुड म्हणाला.

मग आम्ही दार लावून घेतलं. चहा झाला होता.

१९६३च्या हिवाळ्यात नाताळापासून मार्चपर्यंत कडाका हटला नाही, आणि त्या वर्षी वेकर्बीत कुणाच्याही आवारात एकसुद्धा धोंडा नव्हता.